रिमॅप केलं, आता वॉरंटीचं काय?

मागच्या अंकात टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या गाड्यांच्या देखभालीवर लिहिलं होतं, त्यावर जे प्रश्न आले त्यातले बरेचसे एकाच गोष्टीचे होते. ईसीयू रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायची, आणि मग वॉरंटी राहते की जाते. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय.

प्रश्न : सर, माझी 1.5 टीएसआय डीएसजी (टर्बो पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, 150 पीएसवाली (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप), दोन वर्षंपण झाली नाहीत घेऊन. इथला एक ट्यूनर स्टेज वन, म्हणजे पार्ट न बदलता फक्त सॉफ्टवेअरचा रिमॅप, करून देतो म्हणतोय. तो म्हणतो की कंपनी मुद्दाम इंजिन दाबून ठेवते, आत भरपूर मार्जिन असतं, आणि सर्व्हिसिंगच्या आधी माझ्याकडे ये, ओरिजिनल फाइल परत टाकून देतो, शोरूमला काही कळत नाही. खरंच कळत नाही का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : कळतं. प्रत्येक गाडीत सारखंच कळतं असं नाही, पण "काही कळत नाही" हे वाक्य ऐकून कुणी पंधरा-वीस लाखांच्या गाडीवर जोखीम घेऊ नये.

ईसीयूमध्ये मॅप असतात, म्हणजे कुठल्या आरपीएमला, किती ॲक्सिलरेटरला किती पेट्रोल सोडायचं, स्पार्क कधी द्यायचा, टर्बोने किती प्रेशर तयार करायचं याचे तक्ते. या सॉफ्टवेअरला एक कॅलिब्रेशन नंबर असतो आणि आतल्या आकड्यांवरून काढलेला एक पडताळणी नंबरपण असतो. मॅप बदलला की हा दुसरा नंबर बदलतो. काही ट्यूनर तोही जुळवून द्यायचा प्रयत्न करतात, मान्य. पण बऱ्याच ईसीयूमध्ये सॉफ्टवेअर किती वेळा टाकलं गेलं याचा काउंटर असतो, आणि इथेच ती ओरिजिनल फाइलची युक्ती उलटते, कारण ओरिजिनल परत टाकणं म्हणजेसुद्धा अजून एकदा टाकणंच, काउंटर त्याने मागे येत नाही, पुढेच जातो. शोरूमच्या रेकॉर्डमध्ये अपडेट केल्याची नोंद नाही आणि काउंटर मात्र वाढलेला, मग विचारणा होणारच.

तिसरी गोष्ट म्हणजे फॉल्ट कोड नोंदवताना ईसीयू त्या क्षणाचे आकडेपण साठवून ठेवतो, आरपीएम, लोड, बऱ्याचदा टर्बोचं प्रेशर. कंपनीच्या मॅपमध्ये जे प्रेशर कधी येऊच शकत नाही ते तिथे दिसलं तर बाकी काही शोधायची गरज उरत नाही. छोट्या कामाला कुणी एवढं खोलात जात नाही हे खरंय, सेन्सर बदलून मिळतो, गाडी घरी येते, आणि मग वाटतं बघा काही कळलं नाही. पण टर्बो, गिअरबॉक्स किंवा पूर्ण इंजिन असा मोठा क्लेम लागला की डीलर स्वतः ठरवत नाही, सगळा डेटा कंपनीकडे जातो आणि मंजुरी तिकडून येते. ज्या क्लेमसाठी वॉरंटी हवी असते नेमका त्याच क्लेमला हे सगळं तपासलं जातं.

आणि समजा नाहीच कळलं, तरी बदल लपवून क्लेम मागणं म्हणजे खोटं सांगून पैसे घेणं झालं. तो सल्ला मी कुणालाही देणार नाही.

आता ते मार्जिनचं. हे अर्धं खरं असल्यामुळे लोकांना पटतं. इंजिन एकच आणि पॉवर वेगवेगळी असं कंपन्या करतात, पण फरक फक्त सॉफ्टवेअरचा असतो असं नाही. आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे फियाटचं 1.3 मल्टिजेट डिझेल, पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं, स्विफ्टमध्ये 75 पीएसचं होतं आणि अर्टिगा, सियाझमध्ये 90 पीएसचं. कित्येकांनी स्विफ्टला रिमॅप करताना हेच कारण सांगितलं, की तेच इंजिन 90 देतंय ना. पण 90 वाल्याचा टर्बोच वेगळा होता, व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे गरजेप्रमाणे आतली पाती वळणारा, 75 वाल्याला साधा फिक्स्ड टर्बो. साध्या टर्बोकडून सॉफ्टवेअरने जास्त काम करून घेतलं की तो जास्त वेगाने फिरतो, जास्त तापतो, आणि घाटात वर चढलात की हवा विरळ झाल्यामुळे तेवढंच प्रेशर द्यायला त्याला अजून वेगाने फिरावं लागतं.

तुमच्या गाडीत तर मला इंजिनपेक्षा गिअरबॉक्सची काळजी जास्त वाटते. ही सात गिअरची ड्राय क्लच डीएसजी साधारण 250 न्यूटन मीटर टॉर्कसाठी (टॉर्क म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर) बनवलेली आहे आणि तुमचं इंजिन कंपनीतून येतानाच 250 न्यूटन मीटर देतं. म्हणजे मार्जिन जे काय होतं ते कंपनीनेच वापरलंय! स्टेज वनने टॉर्क त्याच्या वर गेला की पहिला ताण क्लच पॅकवर येणार, सिग्नलच्या गर्दीत क्लच आधीच तापलेला असतो, आणि मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) किंवा क्लचचं बिल स्वतःच्या खिशातून भरायचं म्हणजे काय ते ज्यांनी भरलंय त्यांना विचारा. वॉरंटी संपेपर्यंत थांबा, एवढंच सांगतो. त्यानंतर गाडी तुमची आणि जोखीमही उघडपणे तुमची.

प्रश्न : मी ईसीयूला हातच लावला नाही, डिझेल एसयूव्हीला बाहेरून ट्यूनिंग बॉक्स लावलाय, प्लग काढला की गाडी पहिल्यासारखी. मग यात वॉरंटीचा प्रश्न येतो का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येतो. बॉक्स काय करतो तर सेन्सर आणि ईसीयूच्या मधे बसतो आणि ईसीयूला खोटा आकडा देतो. कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, डिझेलचं प्रेशर आहे त्यापेक्षा कमी आहे असं सांगतो, मग ईसीयू बिचारा प्रेशर वाढवतो आणि जास्त डिझेल जातं. म्हणजे खरं प्रेशर किती हे ज्याने सांभाळायचं त्यालाच माहीत नाही. माझ्या मते हा प्रकार चांगल्या रिमॅपपेक्षा वाईट, कारण रिमॅप करणारा निदान टॉर्क लिमिट, धूर, तापमान या सगळ्याचे मॅप एकत्र बघू शकतो, बॉक्स फक्त फसवतो.

सॉफ्टवेअरमध्ये खूण राहत नाही हे बरोबर, पण कनेक्टरच्या पिनांवर, वायरिंगच्या टेपवर राहते, आणि इंजेक्टर, पिस्टन उघडले की जास्त डिझेल जळाल्याच्या खुणा असतात. वॉरंटी बुकलेट काढून "काय कव्हर होत नाही" ते पान वाचा, तिथे फक्त ईसीयू लिहिलेलं नसतं, कंपनीने मान्य न केलेले पार्ट किंवा बदल असं साधारण लिहिलेलं असतं, त्यात बॉक्स आलाच. आणि हो, इन्शुरन्स कंपनीलापण बदल कळवायचा असतो, तो न कळवता अपघात झाला तर तिकडेही वाद उभा राहू शकतो.

प्रश्न : माझी गाडी रिमॅप केलेली आहे, मी लपवलं नाही, सर्व्हिस सेंटरला सांगितलंय. गेल्या महिन्यात टचस्क्रीन बंद पडली आणि मागच्या दाराची पॉवर विंडो चालेना. ॲडव्हायझर म्हणाला गाडी मॉडिफाय आहे, तुमची सगळी वॉरंटी कॅन्सल. असं करता येतं का त्यांना? – एक वाचक, नागपूर

उत्तर : तुम्ही खरं सांगितलंत आणि त्याचीच शिक्षा मिळाली असं तुम्हाला वाटत असणार, आणि म्हणूनच या प्रश्नाला मी जास्त जागा देतोय.

रिमॅपने इंजिन, टर्बो, इंजेक्टर, क्लच, गिअरबॉक्स, सायलेन्सरमधलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांवर भार वाढतो, तिथे कंपनीने क्लेम नाकारला तर त्यांच्या बोलण्यात अर्थ आहे. पण इंजिनच्या मॅपचा आणि दाराच्या काचेच्या मोटरचा काय संबंध? रंग, एसीची बटणं, स्पीकर, सीटबेल्ट, यातलं काहीही टर्बोच्या जास्त प्रेशरने बिघडत नाही. तेव्हा तोंडी "कॅन्सल" ऐकून परत येऊ नका.

पहिलं काम म्हणजे जॉब कार्डवर तक्रार लिहून घ्या, आणि नकार लेखी मागा, ईमेलवर मागा, त्यात दोन गोष्टी विचारा : बुकलेटमधल्या कुठल्या अटीखाली नाकारताय, आणि रिमॅपमुळे हा पार्ट कसा बिघडला. बऱ्याचदा दुसऱ्या प्रश्नालाच गाडी अडते आणि काम होऊन जातं, कारण ॲडव्हायझर तोंडी जे बोलतो ते वॉरंटी विभाग लिहून द्यायला तयार नसतो. बुकलेट मात्र नीट वाचा. काही कंपन्यांची अट "बदलामुळे झालेला बिघाड कव्हर नाही" अशी असते आणि काहींची जास्त कडक, बदल केला की वॉरंटीच लागू नाही अशी. पहिली असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. दुसरी असेल तरी संबंध नसलेल्या पार्टसाठी ती अट लावणं अन्यायाचं आहे हे ग्राहक आयोगापुढे मांडता येतं.

डीलरने ऐकलं नाही तर कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली वस्तूसाठी मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच तक्रार करता येते, ऑनलाइनपण भरता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची. बिघाड तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू योग्य लॅबकडे तपासायला पाठवू शकतो, म्हणजे "रिमॅपमुळेच झालं" हा फक्त कंपनीचा शब्द राहत नाही. म्हणून जुना पार्ट टाकून देऊ देऊ नका, आणि निकाल लागेपर्यंत बाहेरच्या गॅरेजमध्ये काही उघडू नका, एकदा बाहेर उघडलं की सगळा पुरावा गेला.

ट्यूनरचं बिलपण जपून ठेवा, कुठली फाइल, कुठली तारीख, आधीचे आणि नंतरचे डायनोचे (ताकद मोजायच्या मशीनचे) आकडे. उद्या इंजिनचंच काही निघालं तर तेच कागद तुमच्याविरुद्ध जातील असं वाटेल, पण कागद नसलेल्या रिमॅपमध्ये समोरचा काहीही आकडा गृहीत धरतो.

प्रश्न : आमची बीएस-6 डिझेल पिकअप आहे, भाजीपाल्याची वाहतूक करतो. डीपीएफ सारखा जाम होतो. गॅरेजवाला म्हणतो सॉफ्टवेअरमधून डीपीएफ आणि ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करून टाकू, कटकट संपली. करू का? – एक वाचक, नारायणगाव

उत्तर : नका करू दादा. वॉरंटी तर जाईलच, पण हा विषय वॉरंटीपेक्षा मोठा आहे. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, ती काढली की तुमच्यामागे दुचाकीवर असलेल्या पोराच्या छातीत ती काजळी जाते. कायद्याने बघायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला बंदी आहे, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

जाम का होतो ते बघा. डीपीएफला साठलेली काजळी जाळायला इंजिन काही वेळ सलग गरम चालावं लागतं. शेतातून मार्केट यार्ड, तिथे तासभर चालू ठेवून उभी, परत शेत, अशा फेऱ्यांत ते होतच नाही. दिवा लागला की बुकलेटमध्ये दिलंय तसं हायवेला एका वेगाने चालवा, दिवा जाईपर्यंत बंद करू नका, आणि डीपीएफसाठी सांगितलेलं कमी राखेचं ऑइलच वापरा, स्वस्त ऑइलने जाळी कायमची भरते. एवढं करूनही जाम होत असेल तर वॉरंटीत क्लेम करा, कारण मग इंजेक्टर किंवा सेन्सरचा दोष असू शकतो, आणि तो क्लेम तुम्हाला तेव्हाच मिळेल जेव्हा सॉफ्टवेअरला कुणी हात लावलेला नसेल.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. इथे म्हणतात की कायद्यामुळे ट्यून केलं तरी डीलर वॉरंटी काढू शकत नाही. भारतात असं नाही का? – एक वाचक

उत्तर : तुम्ही म्हणताय तो 1975 चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा. त्याचा अर्थ लोक जरा जास्त ताणतात. बाहेरचा पार्ट लावला एवढ्याच कारणाने वॉरंटी नाकारता येत नाही, पण त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे कंपनीने दाखवलं तर नाकारता येते. ट्यूनच्या बाबतीत ते दाखवणं कंपनीला फार अवघड जात नाही. फोक्सवॅगन आणि ऑडीच्या डीलरकडे तर तिकडे टीडी1 नावाची नोंद प्रसिद्ध आहे, ईसीयूत बदल सापडला की गाडीच्या नंबरपुढे ती लागते आणि पॉवरट्रेनचे, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचे, क्लेम अडतात. भारतात त्या कायद्यासारखा वेगळा वॉरंटी कायदा नाही, वर नागपूरच्या वाचकांना सांगितला तोच रस्ता आहे.

वॉरंटी ठेवून ताकद वाढवायचा सरळ मार्ग एकच, कंपनीने स्वतः दिलेलं सॉफ्टवेअर. व्होल्वोने पोलस्टारच्या नावाने तसं दिलं होतं, डीलरकडूनच टाकायचं आणि वॉरंटी तशीच राहायची. असे पर्याय आपल्याकडे जास्त यायला हवेत असं मला मनापासून वाटतं, मागणी आहे आणि लोक त्यासाठी पैसे मोजायला तयार आहेत.

प्रश्न : सेकंडहँड टर्बो पेट्रोल बघतोय, एक्स्टेंडेड वॉरंटी शिल्लक आहे म्हणून मालक जास्त पैसे मागतोय. आधी रिमॅप झालं असेल तर मला कसं कळणार? – एक वाचक, ठाणे

उत्तर : पैसे द्यायच्या आधी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन पैसे भरून तपासणी करून घ्या, आणि ईसीयूचं सॉफ्टवेअर व्हर्जन त्या गाडीसाठी असलेल्या व्हर्जनशी जुळतं का ते जॉब कार्डवर लिहून मागा. ओबीडी पोर्टच्या (स्कॅनर जोडायच्या सॉकेटच्या) आजूबाजूचं प्लास्टिक, ईसीयूच्या कव्हरचं सील आणि स्क्रू बघा, नव्या ईसीयूंना कधीकधी बाहेर काढून उघडूनच फाइल टाकावी लागते. एक्स्टेंडेड वॉरंटी कुणाची ते विचारा, गाडी कंपनीची की बाहेरच्या कुठल्या कंपनीची, दोघांच्या अटी वेगळ्या असतात, आणि ती तुमच्या नावावर होते का तेही. शेवटी मालकाकडून विक्रीच्या करारात एक ओळ घ्या की इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये माझ्या माहितीत कुठलाही बदल केलेला नाही. ती लिहायला तो कां-कू करायला लागला तर एक्स्टेंडेड वॉरंटीचे जास्तीचे पैसे देऊ नका, आणि शक्यतो ती गाडीच घेऊ नका.