३४ इंची मॉनिटर हप्त्यांवर घेऊ का?

प्रश्न: मी १४ इंची लॅपटॉपवर घरून हिशेबाची कामं करते. बिलांच्या पीडीएफ, एक्सेल, मेल, चॅट, सगळं एकमेकांवर चढलेलं असतं. ३४ इंची वक्र मॉनिटर १२ बिनव्याजी हप्त्यांत मिळतोय. शिल्लक जेमतेम महिन्याच्या खर्चाइतकी आहे. घेऊ का?

उत्तर: आत्ता नको. पुढे घ्यायची वेळ आली, तरी बहुधा हा नको.

तुमची दुखणी दोन आहेत. मेल-चॅट मध्येमध्ये लुडबुडतात, हे पहिलं. त्यावरचा इलाज फुकट आहे. व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे एकाच स्क्रीनवर आलटून पालटून वापरायचे वेगवेगळे पडदे, विंडोजमध्ये २०१५ च्या विंडोज १० पासून आहेत, मॅकवर तर २००७ पासून. विंडोजवर विंडोज आणि कंट्रोल या कळांसोबत डी दाबलं की नवा डेस्कटॉप, बाण दाबला की शेजारचा. मेल-चॅट एकावर, हिशेब दुसऱ्यावर. पहिला महिना एवढंच करा.

दुसरं दुखणं खरं: बिल बघत बघत एक्सेल भरणं. इथे डेस्कटॉप बदलत बसलात तर ४,५६० चे ५,४६० कधी होतील कळणारही नाही. (ताळा चुकला आणि फरकाला ९ ने भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते, हे तुम्हाला मी काय सांगायचं!) यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी समोर हव्यात. पण त्याला लॅपटॉपशेजारी साधा २४ इंची मॉनिटर पुरतो. बिल लॅपटॉपवर, एक्सेल मॉनिटरवर. दुकानात फोर-केच्या, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या स्क्रीनच्या, मोहात पडू नका. अक्षरं वाचता यावीत म्हणून स्केलिंग (स्क्रीनवरचं सगळं मोठं करून दाखवणं) २०० टक्के केलंत, की जागा साध्या फुल एचडीइतकीच उरते. अक्षरं रेखीव दिसतील, एवढंच.

आता हप्ते. ‘बिनव्याजी’ ऐकलं की आधी रोखीचा भाव विचारा. सोडून दिलेली सूट आणि प्रोसेसिंग फी मिळून बरेचदा व्याजच निघतं. शिवाय क्लायंटने पैसे लांबवले तरी हप्ता थांबत नाही, आणि तुमच्या हाताशी महिनाभराचीच शिल्लक आहे. ती तीन महिन्यांची होऊ द्या. त्यानंतर दर महिन्याला थोडं बाजूला टाकून मॉनिटर रोखीने घ्या.

अजून एक. लॅपटॉप अडखळत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये मेमरी (रॅम) किती भरलीय ते बघा. दुसऱ्या डेस्कटॉपवर सरकवलेल्या खिडक्याही मेमरी खातातच. ती सतत काठोकाठ असेल आणि तुमच्या लॅपटॉपमध्ये रॅम वाढवता येत असेल, तर मॉनिटरच्या आधी पैसे तिथे घाला.