'स्केअरी' पुरत नाही तेव्हा

प्रश्न : आजीच्या मुंज्याच्या, चकव्याच्या गोष्टी मी इंग्लंडात वाढलेल्या भाचरांसाठी इंग्रजीत लिहितेय. पण प्रत्येक भूत 'घोस्ट' आणि प्रत्येक जागा 'स्केअरी' होऊन बसते. दुसरे शब्द सुचवाल? – एक वाचक, देवगड

उत्तर : फार चांगलं काम हाती घेतलंत. आधी जिथे जिथे 'व्हेरी स्केअरी' लिहिलंय ते खोडा. मग त्या प्रसंगात नेमकं काय घडतंय ते बघा, शब्द तिथूनच मिळेल.

तिन्हीसांजेला पिंपळाचं पानही हलत नाही, रातकिडे एकाएकी गप्प झालेत. घडलं काहीच नाही, तरी पाय उचलत नाही. ही जागा 'ईरी'. हा मूळचा स्कॉटलंडकडचा शब्द, आणि पूर्वी तो घाबरलेल्या माणसाला लावत. काकी शेजारी भाजी निवडत बसलीय आणि परसातून तिचीच हाक ऐकू येते, तर ते 'अनकॅनी'. ओळखीचंच काहीतरी, पण कुठेतरी बिनसलेलं. 'स्पूकी' लहान मुलांच्या गमतीच्या भीतीसाठी ठेवा. 'घोस्टली' म्हणजे फिकट, अंधुक. 'घास्टली' मात्र भीषण, किळस आणणारं; या दोघांची गल्लत फार होते.

भुतांचंही तसंच. कौलांवर दगड पडतात, भांडी आदळतात, दिसत कोणी नाही, तर 'पोल्टरगाइस्ट'. या जर्मन शब्दातच आदळआपट आहे. मुंबईत इस्पितळात असलेले आजोबा अंगणात उभे दिसले आणि सकाळी ते गेल्याची तार आली, तर तिथे 'रेथ' लिहा. मरणाच्या सुमारास दिसणाऱ्या माणसाच्या रूपाला स्कॉटलंडात हेच म्हणतात.

मुंज्याला मात्र हात लावू नका. मुंज झालेला, पण सोडमुंजीआधी गेलेला, पिंपळावर राहणारा मुलगा, एवढं एकदा सांगा आणि पुढे 'मुंजा'च लिहा. आयर्लंडची 'बॅन्शी', म्हणजे घरात मरण येणार असेल तर आक्रोश करणारी भुताळी बाई, इंग्रजीत नावासकट आलीच ना? मग आपल्या मुंज्यानं नाव का सोडावं?

चकव्यासाठी तर इंग्लंडातच सोबती आहे. डेव्हन-कॉर्नवॉलकडे रोजच्या पायाखालच्या शेतात माणूस रात्री घुमत राहतो, फाटक समोर असून सापडत नाही. त्याला 'पिक्सी-लेड' म्हणतात, पिक्सींनी, म्हणजे तिकडच्या लोककथांतल्या चिमुकल्या खोडकर पऱ्यांनी, भुलवून नेलेला. उतारा काय, तर अंगातला कोट काढून उलटा घालायचा! कोकणातला चकवा याहून वेगळा तो काय? गोष्टीत 'चकवा'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे पिक्सींचा उल्लेख करा, भाचरांना लगेच उमजेल. आणि आजीच्या गोष्टीत चकवा लागल्यावर काय करायचं असे, तेही विसरू नका. बसून उजाडेपर्यंत थांबायचं, की कुणाचं नाव घ्यायचं, जे असेल ते आजी सांगायची तसंच्या तसं लिहा.