हीट पंपाचे पाइप: कुठून न्यायचे, कशाने गुंडाळायचे

खानापूरच्या दादांनी विचारलंय: हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं मशीन) गच्चीवर, न्हाणी तळमजल्यावर, आणि प्लंबर म्हणतो भिंतीत गाडलेल्या पाइपाला कोट, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं वेष्टन, लागत नाही. लागतो. ओली भिंत उष्णता ओढून घेते, आणि जांबोटी-कणकुंबीच्या धो-धो पावसाच्या पट्ट्यात भिंती कधी कोरड्या असतात ते तुम्हालाच ठाऊक.

पण आधी अंतर बघा. पाऊण इंची सीपीव्हीसीच्या (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपाच्या) 12 मीटर लाइनीत साधारण 3 लिटर पाणी उभं राहतं. नळ सोडला की पहिल्यांदा तेच गार पाणी येतं, आणि अंघोळ झाल्यावर तेवढंच तापवलेलं पाणी पाइपात अडकून निवतं. अर्धा इंची घातला तर नुकसान निम्म्यावर. एका न्हाणीला तो पुरतो, दाब बरा असला तर. घरातली सगळी एकामागून एक अंघोळीला जात असतील तर कोटाचा पुरेपूर फायदा मिळतो. दिवसाला एकच बादली लागत असेल तर मात्र टाकी सरळ न्हाणीच्या डोक्यावर आणा, कोटावर फार पैसे घालू नका.

कोट काळ्या नायट्राइल रबराचाच घ्या, गच्चीवर 19 मिमी, आत 13 चालतो. स्प्लिट मशीन (कॉम्प्रेसर एकीकडे, टाकी दुसरीकडे) असेल तर कॉम्प्रेसरकडून टाकीकडे येणारा तांब्याचा पाइप पाण्यापेक्षा जास्त तापतो. तिथे पांढरा फोम आकसतो. मशीनमधल्या गॅसचे दोन्ही पाइप, जाणारा आणि परतणारा, वेगवेगळे गुंडाळा. कोटाच्या एका नळीत दोन्ही कोंबायची काही जणांना भारी हौस.

आपल्याकडे कोट मरतो तो पावसाने. आत पाणी शिरलं की रबर नुसतं अंगाला चिकटलेलं ओलं फडकं. म्हणून कोटाच्या नळीची चीर खालच्या बाजूला ठेवायची, सांधे गोंदाने चिकटवायचे, नुसत्या टेपवर भागवायचं नाही. उभ्या पाइपावर टेप खालून वर गुंडाळत जा, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी बाहेरून ओघळतं. उन्हासाठी वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. एल्बो आणि व्हॉल्व्ह उघडे सोडतात, ते तपासून घ्या.

क्लॅम्प आवळून टाकू नका. 10 मीटर सीपीव्हीसी 35 अंशांनी तापला की दोन सेंटीमीटरच्या वर वाढतो. टाकीतला जादा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच तर अजिबात नको, त्याला उतार देऊन मोरीत सोडा. गिलावा करण्याआधी, गळती कळावी म्हणून, लाइन रात्रभर दाबावर ठेवा आणि भिंतीचे फोटो काढून ठेवा.