मुलाखतींवरचे संशोधन आणि मार्गदर्शकाचे काम

प्रश्न : मी पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. माझा पदव्युत्तर विद्यार्थी ब्रुसेलोसिस या जनावरांत गर्भपात घडवणाऱ्या संसर्गजन्य रोगाविषयी पशुपालकांच्या मुलाखती घेत आहे. माझे स्वतःचे शिक्षण प्रयोगशाळेतले. ‘२० मुलाखतींतून काय सिद्ध होणार?’ असे समिती विचारते. मी त्याला मार्गदर्शन कसे करावे?

उत्तर : किती जनावरांना लागण झाली आहे, हे रक्ततपासणी सांगते, गाय गाभडल्यावर (तिचा गर्भपात झाल्यावर) वार (गर्भाबरोबरची नाळ-झिल्ली) उघड्या हातांनी का काढली जाते, हे मुलाखतीतूनच कळते. समितीला हा फरक स्पष्ट सांगावा. इथे संख्येपेक्षा कोणाला विचारले, हे महत्त्वाचे. शेण काढणे, धारा काढणे ही कामे बहुतेक घरांत बायका करतात आणि मुलाखत मात्र कर्त्या पुरुषाची होते. तसे घडले असेल, तर ४० मुलाखतींनीही ती उणीव भरून निघणार नाही.

माझा आग्रह असा, की पहिल्या दोन-तीन मुलाखती शब्दशः उतरवून होताच पुढचे काम थांबवावे आणि तुम्ही दोघांनी ध्वनिमुद्रण ऐकत ती पाने एकत्र वाचावीत. उत्तरांआधी प्रश्न तपासावेत. ‘हातमोजे घालता ना?’ असे विचारले की होकारच मिळतो. ‘मागे गाय गाभडली तेव्हा काय काय केलेत, पहिल्यापासून सांगा’ असे म्हटले की माणूस बोलू लागतो. तुमचा विद्यार्थी लोकांच्या दृष्टीने डॉक्टर आहे, ही सर्वांत मोठी अडचण. चुकीचे काही ऐकताच तो मध्येच समजावू लागला, तर समोरचा पुढे त्याला आवडेल तेच सांगेल. सल्ला मुलाखत संपेपर्यंत राखून ठेवावा, पण नंतर तो दिलाच पाहिजे. कच्च्या दुधातून आणि वारेच्या स्पर्शातून हा रोग माणसाला होतो, आणि ते ठाऊक असताना न सांगता निघून येणे मला अक्षम्य वाटते.

प्राण्यांवरील प्रयोगांसाठीच्या समितीची परवानगी इथे पुरेशी नाही, कारण माहिती देणारी माणसे आहेत. मानवी संशोधनाच्या नैतिकता समितीकडे जावे लागेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे विद्यार्थ्याकडून वाचून घ्यावीत. राज्यात गोहत्याबंदी असल्याने बाधित गाय सांभाळावी तरी लागते, नाहीतर विकावी लागते, आणि अशा विक्रीची कबुली मुलाखतीत येऊ शकते. तेव्हा नाव गाळून भागत नाही. गाव, दूध संकलन केंद्र, गोठ्यातल्या जनावरांची संख्या यांवरूनही माणूस ओळखू येतो. प्रबंधात काय गाळायचे, हे उतरवलेल्या मुलाखतींच्या पानांवर तुम्ही स्वतः खुणा करून ठरवा.