सतरा फुटी बोट, साठची मोटर आणि पाच वर्षांचा हप्ता

वाचकाचा प्रश्न थोडक्यात: "माझी १४ फुटी अॅल्युमिनियमची बोट आणि २५ अश्वशक्तीची जुनी टू-स्ट्रोक मोटर आहे. वर्षाला साधारण १२० फेऱ्या, मोटर चालते ३०० तास. मासेमारी नऊ महिने, बाकीचे तीन महिने बोट किनाऱ्यावर. मोटर हल्ली सुरू व्हायला त्रास देते आणि बाहेरच्या पाण्यात बोट फार उडते. विक्रेत्याने १७ फुटी फायबरची बोट आणि ६० अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक मोटर असं एकत्र कोटेशन दिलंय. त्याच्याच ओळखीचं कर्ज १० टक्के फ्लॅट, पाच वर्षं. बँक १२ टक्के म्हणते, तेही तीनच वर्षांसाठी. विक्रेत्याचं कर्ज स्वस्त दिसतं. घेऊ का? की बचत सगळी घालून कर्जच कमी करू?"

नमस्कार. तुम्ही आकडे नीट लिहून पाठवलेत, त्यामुळे उत्तर नेमकं देता येईल. रकमा छापायच्या नाहीत म्हणून तुमच्या एका महिन्याच्या घरखर्चाला मी "एक माप" म्हणतो. तुमच्या हिशेबाने एका मापात ४०० लिटर पेट्रोल येतं. कोटेशन २२ मापांचं आहे: बोट ८, मोटर १४. बचत १२ मापं. जुनी बोट-मोटर मिळून ३ मापांना जाईल. वर्षाची मासळी विकून १८ मापं हातात येतात. त्यातून पेट्रोल ६, बर्फ, आमिष, जाळ्यांची दुरुस्ती वगैरे ३ गेली की ९ उरतात.

आधी व्याजदराचं बघू, कारण तिथे तुमची समजूत उलटी झाली आहे. फ्लॅट दरात पहिल्या दिवसाच्या पूर्ण मुद्दलावर शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज लागतं, तुम्ही मधल्या काळात कितीही फेडलं असलं तरी. ८ मापं भरून १४ मापांचं कर्ज काढलंत, तर १० टक्के फ्लॅटने पाच वर्षांत ७ मापं व्याज. एकूण २१, म्हणजे दरमहा ०.३५ माप. हाच हप्ता घटत्या शिल्लकीच्या दरात (फक्त फेडायच्या उरलेल्या मुद्दलावर व्याज) मांडला तर दर येतो सुमारे १७.३ टक्के. बँकेचे १२ टक्के घटत्या शिल्लकीवर असतील, तर महाग कर्ज विक्रेत्याचं आहे. दोघांकडूनही परतफेडीचा तक्ता मागा आणि मुदतीच्या मध्यावर मुद्दल किती उरतं ते बघा.

आता मोटर. १७ फुटी बोटीच्या पाटीवर कमाल ६० अश्वशक्ती लिहिलंय म्हणून ६० घ्यायची, असं नसतं. ती पाटी वरची मर्यादा सांगते, गरज सांगत नाही. गरज काढायची वजनावरून. रिकामी बोट ३०० किलो, मोटर आणि तिची जोडणी १०० च्या आसपास, ४० लिटर पेट्रोल ३० किलो, दोन माणसं १५०, जाळी-बर्फ-मासळी १२०. झाले ७०० किलो. तळ व्ही आकाराचा असेल आणि बोट पाण्यावर उचलून पळवायची असेल, तर एका अश्वशक्तीमागे १२ ते १८ किलो हे प्रमाण चालतं. ४० च्या मोटरीला ते साडेसतरा येतं. म्हणजे काठावर, पण पुरेसं. ६० ला बारापेक्षा थोडं कमी. (बोट गोल तळाची, पाणी कापत जाणारी असेल तर हा विचारच वेगळा. पाण्याला टेकणारी लांबी १६ फूट असलेली अशी बोट साडेपाच नॉटच्या (तासाला तितके सागरी मैल) आसपास अडते. पुढची अश्वशक्ती लाटा उठवण्यात जाते. तळ कसा आहे ते विक्रेत्याला विचारू नका, बोट उलटी किंवा गाड्यावर चढवलेली असताना स्वतः बघा.)

पेट्रोलचा फरक मोठा आहे. चांगली फोर-स्ट्रोक मोटर पूर्ण थ्रॉटलवर अश्वशक्तीमागे तासाला साधारण एक तृतीयांश लिटर पिते, मध्यम वेगात त्याच्या निम्म्याच्या जरा वर. म्हणून सरासरी मी ६० ला तासाला ११ लिटर धरतो, ४० ला साडेसात. ३०० तासांचे अनुक्रमे ३३०० आणि २२५० लिटर. तुमची आत्ताची २५ ची मोटर तासाला ८ लिटर घेते, कारण ती कायम जवळजवळ पूर्ण थ्रॉटलवर असते आणि कार्ब्युरेटरच्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा बराच भाग न जळताच बाहेर जातो. शिवाय ५० ला १ या मिश्रणाने २४०० लिटरमागे ४८ लिटर तेल. म्हणजे ४० ची फोर-स्ट्रोक आजच्यापेक्षा मोठी असूनही कमी पिईल. ६० ची मात्र जास्त पिईल. वर्षाला सव्वादोन मापं जास्त लागतील.

विक्रेत्याच्या योजनेत वर्षाला वाढणारा खर्च असा: हप्ते ४.२, पेट्रोल २.२५, विमा आणि सर्व्हिसिंग ०.८, जास्त मासळीसाठी जास्तीचा बर्फ ०.५. एकूण ७.७५. आजच्या १८ च्या विक्रीवर हे ४३ टक्के. मासळी ४३ टक्क्यांनी वाढली तर तुम्ही आहात तिथेच राहाल, त्याच्या वर गेली तरच फायदा. तुमचा अंदाज दीडपट विक्रीचा आहे. तो खरा ठरला तर वर्षाला सव्वा माप सुटेल. एवढ्या बारीक फरकासाठी पाच वर्षांची बांधिलकी घ्यावी असं मला वाटत नाही.

दुसरी वाट म्हणजे तीच १७ फुटी बोट ४० च्या मोटरीसह: ८ अधिक १०, म्हणजे १८ मापं. जुन्याचे ३ आणि बचतीतले ५ असे ८ भरा, १० चं बँकेचं कर्ज तीन वर्षांसाठी. हप्ता ०.३३ माप. विक्रेत्याच्या हप्त्याच्या जवळजवळ बरोबरीचाच! फरक इतकाच की हा तीन वर्षांत संपतो आणि व्याज ७ ऐवजी २ मापं जातं. वर्षाचा वाढीव बोजा: हप्ते ४, पेट्रोल उलट ०.४ ने कमी, विमा-सर्व्हिसिंग ०.७, बर्फ ०.५. एकूण ४.८, विक्रीच्या २७ टक्के. हे गाठता येण्यासारखं आहे. मोठ्या बोटीमुळे फेऱ्या १० टक्के वाढल्या आणि प्रत्येक फेरीत १५-१६ टक्के जास्त मासळी आली की २७ होतात.

पण हप्ता बारा महिने आणि मासेमारी नऊ. म्हणून प्रत्येक मासेमारीच्या महिन्यातून ०.३३ नाही, ०.४४ माप बाजूला पडलं पाहिजे. बँकेला हंगामानुसार हप्ते बांधून मागा. मिळाले नाहीत तर हप्त्यांचं खातं वेगळं ठेवा आणि किनाऱ्यावरच्या तीन महिन्यांचे हप्ते आधीच त्यात साठवा.

बचत सगळी घालू का, याचं उत्तर नाही. ५ मापं बोटीत गेली आणि १ माप कोटेशनबाहेरच्या सामानाला गेलं की ६ उरतात. त्याला हात लावू नका. मोटर बिघडते तेव्हा दुरुस्तीचा खर्च आणि बंद पडलेली कमाई एकाच आठवड्यात येतात. त्या वेळी १२ टक्क्यांचं कर्ज थोडं कमी असण्यापेक्षा हाताशी रोख असणं जास्त कामाचं. कोटेशनबाहेरचं सामान म्हणजे बॅटरी, थ्रॉटल-गिअरच्या केबल, सुकाणू, पाणी वेगळं करणारा पेट्रोल फिल्टर, जादा प्रोपेलर, नांगर-दोर, लाइफ जॅकेट, रेडिओ, नोंदणी. यातलं काय किमतीत आहे ते ओळीओळीने लिहून घ्या. बाहेरच्या पाण्यात एकाच मोटरीवर जाणार असाल, तर रेडिओ आणि जॅकेट यांवर काटछाट करायची नाही.

मोटरीच्या आयुष्याचाही विचार करा. मी हिशेबात १५०० तास धरतो, म्हणजे तुमच्या वापराने पाच वर्षं. नीट सांभाळली तर जास्त जाईल, पण भरवसा १५०० वरच ठेवा. विक्रेत्याचं कर्ज बरोबर तेव्हाच संपतं, जेव्हा मोटर मोठा खर्च काढू लागेल. तीन वर्षांच्या कर्जात पुढची दोन वर्षं हातात राहतात. हप्ता थांबवू नका, तीच रक्कम स्वतःच्या खात्यात भरत राहा. दोन वर्षांत ८ मापं जमतील, ती पुढच्या मोटरीची.

आता तिसरी वाट, जी तुम्ही विचारलीच नाहीत: बोट जुनीच, मोटर नवी. जुन्या बोटीच्या पाटीवर कमाल ३० आहे. ३० ची फोर-स्ट्रोक ७ मापं, जुनी मोटर १ मापाला गेली तर बचतीतून ६. पेट्रोल तासाला साडेपाच लिटर, वर्षाला सुमारे ४.१ मापं, म्हणजे १.९ ची बचत, मिश्रणाचं तेल वाचेल ते वेगळं. साधारण तीन वर्षांत पैसे वसूल, कर्ज शून्य. अडचणी दोन. एक, वजन: २५ ची टू-स्ट्रोक पन्नासेक किलोची असते, ३० ची फोर-स्ट्रोक साधारण ६० ते ९५. ट्रान्समची (बोटीच्या मागच्या, मोटर टांगतात त्या भिंतीची) फळी आतून कुजली असेल तर तिला हे पेलणार नाही. हातोडीच्या दांड्याने वाजवून बघा; टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, किंवा मोटरीचा पाय धरून वर-खाली ढकलल्यावर फळी हलली, तर तिच्यावर नवी मोटर चढवू नका. दोन, ही मोटर पुढच्या बोटीला चालणार नाही. तुमच्या बोटीला १५ इंची शाफ्ट (मोटरीच्या पायाची लांबी) लागतो, १७ फुटीला २०. "आत्ता मोटर घेतो, नंतर तीच मोठ्या बोटीला लावतो" हा बेत जमत नाही.

म्हणूनच मी आज काहीच घेऊ नका म्हणेन. आधी जुन्या मोटरीची कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्या. सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत असेल, तर सुरू न होण्यामागे बहुतेक कार्ब्युरेटरमधला चिकट थर, प्लग किंवा जुनं पेट्रोल असतं. साफसफाई, नवे प्लग, पाण्याच्या पंपाचा नवा इम्पेलर (आतलं फिरतं चाक), गिअर ऑइल. हे करून हंगाम निघतो. गिअर ऑइल दुधाळ निघालं तर सील गेलंय, तेही बदला. फरक जास्त निघाला तर या मोटरीवर खर्च थांबवा आणि दुसरी किंवा तिसरी वाट लगेच निवडा.

हंगाम मिळाला तर तो मोजणीसाठी वापरा. ज्यांची बोट बाहेर जाते त्यांच्याबरोबर पेट्रोलचा वाटा देऊन किमान दहा फेऱ्या करा, वेगवेगळ्या हवेत. वहीत लिहा: मोटरीचे तास, लिटर, किलो, किलोला मिळालेला भाव. तुमची बोट निघू शकली नाही पण ती निघाली, असे दिवसही मोजा. वाढ ३० टक्क्यांच्या वर दिसली तर ४० ची मोटर आणि बँकेचं कर्ज. खाली राहिली तर ३० ची मोटर, जुनी बोट.

नवीन घ्यायचं ठरलं, तर पैसे पूर्ण देण्याआधी चाचणी भरलेल्या बोटीवर मागा: दोन माणसं, भरलेली टाकी, बर्फाच्या वजनाइतक्या पाण्याच्या कॅन. रिकामी बोट कुठल्याही मोटरीने पळते. पूर्ण थ्रॉटलवर मोटरीचे मिनिटाचे फेरे उत्पादकाने दिलेल्या टप्प्यात यायला हवेत. या वर्गातल्या बऱ्याच मोटरींना तो ५००० ते ६००० असतो. ४६०० वरच अडली तर प्रोपेलरचा पिच (एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकेल ते अंतर) जास्त आहे. एक इंच पिच कमी केला की साधारण २०० फेरे वाढतात, म्हणून दोन-तीन इंच कमी पिचचा प्रोपेलर तिथेच बदलून मागा. दबून चालणारी मोटर जास्त पेट्रोल पिते आणि लवकर झिजते. विम्याच्या अर्जात "मासळी विक्रीसाठी वापर" असं स्पष्ट लिहा आणि विम्याची रक्कम ठरलेल्या मूल्यावर (विमा घेतानाच दोघांनी मान्य केलेल्या किमतीवर) घ्या. पहिली सर्व्हिस २० तासांनी, पुढे दर १०० तासांनी, म्हणजे तुम्हाला वर्षाला तीनदा. तिची पावती प्रत्येक वेळी ठेवा, वॉरंटीचा दावा तिच्याशिवाय उभा राहत नाही. खाऱ्या पाण्यातून आल्यावर मोटरीत गोडं पाणी फिरवायचं, आणि जस्ताचे अॅनोड (मोटरीऐवजी स्वतः गंजणारे तुकडे) निम्मे झिजले की बदलायचे.