जड हॉर्नेट डेकवर उतरवू नकोस

मित्रा, डीसीएस या विमान उडवण्याच्या सिम्युलेटरमध्ये उरलेले सगळे बॉम्ब आणि जवळजवळ भरलेली टाकी घेऊन तू एफ/ए-१८सी हॉर्नेट हे लढाऊ विमान विमानवाहू जहाजावर उतरवलंस, डेकवरची विमान अडवणारी तार शेपटीकडच्या हुकने पकडली, विमान थांबलं. पण त्यावरून खऱ्या जहाजावरही हे चालतं असं समजू नकोस.

खऱ्या हॉर्नेटला तारेवर उतरताना साधारण ३३,००० पौंडांची मर्यादा असते. तारेला जोडलेलं डेकखालचं हायड्रॉलिक यंत्र येणाऱ्या विमानाच्या वजनाप्रमाणे आधीच लावून ठेवतात. बॉल, म्हणजे उतरण्याची वाट बरोबर आहे का हे दाखवणारा डेकवरचा दिवा, दिसल्यावर पायलट विमानाचा प्रकार आणि उरलेलं इंधन सांगतो, तेही त्याचीच खातरजमा करायला. अँगल ऑफ अटॅक, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन, तोच, ८.१ अंश ठेवायचा, म्हणून वजन १० टक्के वाढलं की वेग सुमारे ५ टक्के वाढतो आणि तारेला जिरवायची ऊर्जा तब्बल २१ टक्क्यांनी! भार हुकवर, लँडिंग गिअरवर, तारेवर, सगळीकडेच येतो. तार तुटली तर डेकवरची माणसं जिवाला मुकतात. सिम्युलेटरमध्ये ती माणसं नसतात, म्हणूनच ही सवय आधी लावून घे.

परतताना कॉकपिटमधल्या स्क्रीनवर चेकलिस्टचं पान उघड, त्यावर विमानाचं वजन दिसतं. जास्त असेल तर आधी इंधन सोड, आणि डंपचा स्विच वेळेवर बंद कर. एक-दोन फेऱ्या हुकल्या तरी पुरेल इतकं इंधन ठेवायचंच. तरीही वजन उतरत नसेल, तर बॉम्ब समुद्रात टाक. मला स्वतःला ते फार जिवावर येतं, पण मी टाकतो.