पुढचा ब्रेक डाव्या हाताला

प्रश्न : मी 54 वर्षांची आहे. नाशिकमध्ये आम्हा सहा जणींचा सायकल गट आहे. कसारा घाट कितीतरी वेळा चढलोय. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं दहा दिवस स्वित्झर्लंडला जायचं म्हणतोय. फुर्का, ग्रिमसेल आणि सुस्टेन हे तिन्ही घाट सायकलवर करायचं मी मनात धरलंय. झेपेल का? ह्यांना सायकलचं वेड नाही, पण चालतात भरपूर. मी घाटात असताना ह्यांनी काय करायचं?

उत्तर : तिकिटं काढली नसतील तर आधी तारीख बदला. हे तिन्ही घाट हिवाळाभर बर्फाखाली बंद असतात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत ते एकेक करून उघडतात, आणि नेमके कधी ते त्या वर्षीच्या बर्फावर ठरतं. पहिल्या आठवड्यात गेलात तर आडवं लावलेलं फाटक बघून परत फिरायची तयारी ठेवा. जुलै-ऑगस्ट धरा, नाहीतर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा.

चढाचं म्हणाल तर तो झेपेल. मी 61 वर्षांची, साताऱ्याची, यवतेश्वरच्या घाटात तयार झालेली. लेक बर्नला असते म्हणून तीन उन्हाळे तिकडे सायकल चालवली. दोन हजार मीटरवर दम थोडा जास्त लागतो, पण घाबरण्यासारखं काही नाही. सर्वांत हलका गिअर टाकायचा, बोलता येईल इतक्याच जोरात पाय मारायचे आणि कुणी पुढे गेलं तर जाऊ द्यायचं. तिथे सत्तरीचे आजोबा आपल्याला मागे टाकतात, वर 'ग्र्युएत्सी' म्हणून हात करतात. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

तुमच्या पत्रात उताराचा एक शब्दही नाही, आणि घोळ तिथेच होतो. माझाही झाला. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिकडे तो डाव्या हाताला. भाड्याची सायकल घेताना मी सीटची उंची बघितली, टायर दाबून बघितले, घंटीसुद्धा वाजवून बघितली. ब्रेक तेवढे बघितले नाहीत. ग्रोसं शायडेकच्या खिंडीतून ग्रिंडेलवाल्ड गावाकडे उतरताना एका वळणावर समोर गाय आली आणि मी सवयीने, मागचा समजून, डावा ब्रेक करकचून दाबला. मागचं चाक उचललं गेलं. सायकल गवतात आणि माझा हात कुंपणाच्या तारेवर! गायींसाठी त्या तारेत वीज सोडलेली असते. माणूस त्याने मरत नाही, पण आपण कोण, कुठून आलो, हे सगळं लख्ख आठवतं. तेव्हा दुकानाबाहेरच्या मोकळ्या जागेत अर्धा तास नुसते ब्रेक दाबत फिरा. त्यातून वाहतूक उजव्या बाजूने. वळणावर आपलं अंग चुकून डावीकडे सरकतं.

ब्रेक सतत धरून ठेवू नका. दाबा, वेग मोडा, सोडा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. रस्त्यात आडव्या लोखंडी पट्ट्या लागतात, गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून टाकलेल्या. पावसात त्या साबणासारख्या निसरड्या होतात. चाक सरळ ठेवून, ब्रेक न लावता त्यावरून जायचं.

थंडीचंही उतारावरच कळतं. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खाली 24 असेल तर खिंडीत 15 आणि आपण घामाने निथळत असतो. तशाच उतरलात तर दहा मिनिटांत बोटं ब्रेकवर वळेनाशी होतात. वारा अडवणारं जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे जुलैतही जवळ हवेत. मी पोटाशी वर्तमानपत्र घालते. शर्यतीतल्या लोकांची जुनी युक्ती आहे ती.

आता तुमच्या तीन घाटांकडे वळते. फुर्का 2429 मीटर, सुस्टेन 2224, ग्रिमसेल 2164. तिन्ही सुंदर, पण उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी तिथे मोटारसायकलींचा इतका कल्लोळ असतो की कसाऱ्यातले ट्रक बरे वाटावेत. म्हणून पहिला घाट ग्रोसं शायडेकचा करा. मायरिंगेनपासून साधारण 17 किलोमीटर, 595 मीटरवरून 1962 मीटरवर. म्हणजे एकावर एक चारेक कसारा घाट, शिवाय वर पोचल्यावर तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा तीनशे मीटर उंच. वाटेतल्या श्वार्त्सवाल्डआल्पच्या पुढे खासगी गाड्यांना बंदी आहे. सायकली, चालणारे आणि प्रवासी बस एवढंच. मी एसटीत सव्वीस वर्षं हिशेब लिहिले, त्यामुळे या बसबद्दल मला जरा जास्तच माया आहे. अरुंद वळणाआधी ती तीन सुरांचा भोंगा वाजवते. तो ऐकू आला की कडेला थांबा आणि तिला जाऊ द्या.

श्वार्त्सवाल्डआल्पच्या आधी रोझेनलाउई लागतं, त्यानंतर चढ चांगलाच टोचतो. तिथेच समोर वेटरहॉर्न शिखराचा कडा असा उभा राहतो की थांबायला निमित्त शोधावं लागत नाही.

तुमच्या ह्यांची सोयही याच घाटात आहे. त्यांनी ग्रिंडेलवाल्डहून त्याच बसने वर यावं. खिंडीत दोघांनी चहा घ्यावा. मग त्यांनी फिर्स्टकडे चालत जावं, दीडेक तासाची वाट आहे. आयगर शिखर सगळा वेळ डाव्या हाताला. पाय शिवशिवत असतील तर पुढे पाऊण-एक तासावर बाखआल्पसे हे तळं आहे. फिर्स्टहून रोपवेच्या पाळण्याने खाली. चालण्याच्या वाटांवरच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ असतो आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. फोटो काढत जाणारे असतील तर दीडपट धरा.

पाय मोकळे झाले की एखाद्या मंगळवार-बुधवारी ग्रिमसेल करा. इनर्टकिर्खेनहून 26 किलोमीटर, सकाळी सहाला निघायचं. धरणांची तळी मागे टाकत वर पोचलात की पलीकडे फुर्क्याची वळणं एकावर एक रचलेली दिसतात. तेवढ्यावर परत फिरलात तरी चालेल. फुर्का मी बसने केला, लाज वाटली नाही. तिथल्या ऱ्होन हिमनदीच्या कडेला बर्फ वितळू नये म्हणून पांढरी कापडं पांघरलेली बघितली. एकोणिसाव्या शतकात तो बर्फ खाली ग्लेचच्या सपाटीपर्यंत येत असे. आता उघडा खडक, त्यावर ती मळकी कापडं. मी बराच वेळ तिथे बसून होते, डब्यातली चटणी-पोळी तशीच राहिली.

खाण्याचं : शेंगदाण्याची चिक्की भरपूर न्या. तूप, पनीर, श्रीखंड घरीच ठेवा. भारतातून दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. गावातल्या दगडी हौदांचं पाणी पिण्याजोगं असतं, 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असेल तेवढं सोडा. आणि सुस्टेन पुढच्या वेळी.

प्रश्न : आम्ही ठाण्याचे चौघे. अलंग-मदन-कुलंग हे तिन्ही किल्ले केलेत. आल्प्समध्ये खिंडीखिंडीतून चालत, डोंगरातल्या निवाऱ्यात मुक्काम करायचा आहे. वाटाड्या लागेल का?

उत्तर : पिवळ्या आणि पांढऱ्या-लाल-पांढऱ्या खुणांच्या वाटांवर नाही. पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या खुणा दिसल्या तर त्या वाटेने वाटाड्याशिवाय जाऊ नका. कातळाची तुम्हाला सवय आहे, बर्फाची नाही. उत्तरेकडच्या उतारावर जुलैतही जुना बर्फ उरतो आणि सकाळी तो काचेसारखा कडक असतो. सुरुवातीला कांडरश्टेगहून गेमीची खिंड ओलांडून लॉयकरबाडला उतरा. उतरणीची वाट अठराव्या शतकात उभ्या कड्यात फोडून काढलेली आहे. नाणेघाट चढलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. खाली गरम पाण्याची कुंडं आहेत.

स्विस आल्पाइन क्लबचे दीडशेच्या आसपास निवारे आहेत. आधी जागा राखावी लागते, आणि बेत रद्द झाला तर कळवावंच लागतं. नाहीतर तुम्ही वाटेत अडकलात असं समजून काळजी सुरू होते. पातळ झोळीवजा चादर स्वतःची न्या. बूट दाराशी काढून तिथल्या सपाता घालायच्या. जेवण एकाच वेळी सगळ्यांना, साडेसहाच्या सुमारास, आणि मांस चालत नसेल तर जागा राखतानाच सांगा. एका लांबलचक गादीवर दहा-बारा जण ओळीने झोपतात, तेव्हा कानात घालायला बोळेही न्या.